तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रश शेवटी गेला कशानं?

फोन साधारण रात्री अकरानंतर येतो. आवाज दबका असतो, कारण शेजारी बाळ नुकतंच झोपलेलं असतं. कधी जाऊबाईंच्या मैत्रिणीची सून, कधी ऑफिसातल्या मुलीची बहीण. आधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं, आणि मग, "ताई, तुमचा तो थ्रश शेवटी कशानं गेला हो? मलमाचं नाव सांगा ना."

थ्रश म्हणजे बाळाच्या तोंडात आणि पाजणाऱ्या आईच्या बोंडावर होणारा बुरशीचा संसर्ग. मलमाचं नाव सांगून फोन ठेवता येईल. पण मलमांची नावं माझ्याकडेही पुष्कळ होती, एक चपलांचं खोकं भरेल इतकी, आणि तरी जवळजवळ चार महिने मी दर दोन-तीन तासांनी दात आवळून बसत होते. म्हणून सगळंच सांगते.

लेक जूनच्या शेवटी झाली, माहेरी, चिपळूणला. सिझेरियन झालं, म्हणजे अँटिबायोटिक्स आलीच. थ्रश ज्या बुरशीनं होतो ती कॅन्डिडा काही बाहेरून येत नाही; आपल्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ती थोडीफार असतेच. तिला आवरून धरणारे जिवाणू अँटिबायोटिकनं कमी झाले की ती हातपाय पसरते. तिला हवं काय, तर ऊब आणि ओल. बाळाचं तोंड आणि आईचं बोंड, याहून बरी जागा कुठली? त्यात कोकणातला जुलै. लंगोट वलणीवर तीन-तीन दिवस दमट, माझे ब्लाउज तसेच.

तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागलं. पहिल्या दिवसांतलं दुखणं वेगळं, ते पाजायला घेताना होतं आणि मिनिटभरात विरतं. हे पाजून झाल्यावर वाढायचं. हिरव्या मिरच्या चिरल्यावर तासाभरानं बोटांची आग होते ना, तशी आग, पण जिथे नको तिथे. आणि मधूनच सुई आरपार गेल्यासारखी कळ.

बाळाच्या तोंडातलं पांढरं पहिल्यांदा पाहिलं ते आजीनं. जिभेवर दुधाचा पातळ थर असतोच, तो पुसला की जातो. आजीनं गालाच्या आतल्या बाजूला बोटाला गुंडाळलेलं मऊ फडकं फिरवलं, पांढरं निघालं नाही. "हे दूध नव्हे, बुरा आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं ते वेगळं काही नव्हतं. निदान आजीचं बरोबर होतं, उपाय मात्र नव्हता: टाकणखार तव्यावर फुलवायचा, मधात खलायचा आणि तोंडाला लावायचा. आमच्याकडे चार पिढ्या हेच चालत आलंय. बालरोगतज्ज्ञांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, कारण त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम, म्हणजे एक गंभीर विषबाधा, होऊ शकतो, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो तान्ह्या बाळाला विषारी. आजी दोन दिवस रुसली. "माझी पाच वाढली ती काय वाऱ्यावर?" ह्याला उत्तर नसतं. मी सहाण, मध आणि टाकणखाराची पुडी वरच्या फळीवर ठेवून दिली, एवढंच.

बाळाला तोंडात लावायचं औषध मिळालं. पाच दिवसांत तोंड स्वच्छ. आठव्या दिवशी परत पांढरं. मग मला मलम मिळालं, पण तोवर बाळाचं औषध थांबलेलं. माझं जरा बरं वाटायला लागलं, तर तिचं पुन्हा सुरू. आमचा दोघींचा खो-खो चालला होता: एक उठली की दुसरीला खो. एका दवाखान्यात बाळ दाखवत होतो, दुसऱ्यात मला, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर कधी आलेच नाहीत. दोघींना एकाच दिवशी सुरू करायचं, एकीला काही दिसत नसलं तरी, आणि सगळं नाहीसं झालं तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता मी सांगते.

मधल्या काळात मी एक चूक केली ती माझीच. बाळाला लंगोटाच्या जागी लाल चट्टा उठला, कडेनं सुटे सुटे लाल ठिपके. (हे ठिपके बुरशीचे असतात, साध्या पुरळात ते बहुधा दिसत नाहीत.) भाऊ औषधाच्या दुकानातून 'सगळ्यावर चालतं' असं एक मलम घेऊन आला. दोन दिवसांत लाली गायब! आम्ही खूश. पाचव्या दिवशी दुप्पट. त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध होतं, जंतूंवरचं होतं आणि जोडीला चांगलं जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली दाबतं आणि त्याआड बुरशी निवांत वाढते. तुमच्या घरात अशी अर्धी वापरलेली ट्यूब असणारच, बघा.

शेवटी ऑगस्टमध्ये दोघींचं एकत्र सुरू झालं. दोन आठवडे. औषध पाजून झाल्यावर लावायचं, म्हणजे तोंडात टिकतं. जेल असेल तर बोटभर जेल जिभेवर ठेवून द्यायचं नाही. अगदी थोडं घेऊन गालाच्या आत फिरवायचं, घशाकडे जाऊ द्यायचं नाही. मायकोनाझोलचं जेल तर चार महिन्यांखालच्या बाळाला देतच नाहीत, श्वास अडकण्याची भीती असते. लंगोट, ब्लाउज, दूध टिपायच्या घड्या कडकडीत पाण्यात धुवायच्या, ऊन नसेल तर इस्त्री. आईनं त्या दोन आठवड्यांत जेवढी इस्त्री केली तेवढी माझ्या शाळेच्या दहा वर्षांत केली नव्हती. चोखणी, बोंडलं रोज उकळायचं. माझी साखरही तपासली, कारण ती वाढलेली असेल तर बुरशी हटत नाही. ती ठीक होती.

दूध तोडायचं का, हेही सगळ्या विचारतात, बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी म्हणालेलं असतं म्हणून. थ्रशसाठी दूध तोडावं लागत नाही. बाळाला त्या दुधानं काही होत नाही. आणि जांभळ्या औषधाबद्दल, म्हणजे जेन्शियन व्हायोलेटबद्दल: तुमच्या सासूबाईंना ते आठवत असेल, पण २०१९मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानं त्यात कर्करोगाचा संभाव्य धोका असल्याचा इशारा दिला. मी त्याच्या वाटेला गेले नाही.

बाळाचं तोंड स्वच्छ झालं. लंगोटाची जागा स्वच्छ झाली. सप्टेंबरात मी डोंबिवलीला घरी आले. आणि माझं दुखणं वाढलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे, आणि नेमकी हीच कुणी विचारत नाही.

एकदा थ्रश म्हटलं की प्रत्येक कळ थ्रशचीच वाटते. मलाही वाटली, डॉक्टरांनाही. मलम बदललं. मग पोटात घ्यायच्या गोळ्या झाल्या. फरक शून्य. मी आणखी काटेकोर झाले. 'जागा कोरडी ठेवा, हवा लागू द्या' असं सांगितलेलं होतं, म्हणून दर वेळी पाजून झालं की पदर बाजूला करून पंख्याखाली बसायचे, पाच वर ठेवून. आग व्हायची, तर आणखी थोडं बसायचे. रजेचे सव्वीस आठवडे संपायला अजून अवकाश होता, पण मी मनात डब्याच्या दुधाचा हिशेब मांडायला लागले होते.

एका मैत्रिणीनं स्तनपान सल्लागार बाईंकडे नेलं. मला वाटलं आणखी एक ट्यूब. त्यांनी ट्यूब दिली नाही. म्हणाल्या, "पाज बघू," आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. पूर्ण अर्धा तास. इतक्या महिन्यांत इतक्या जणांना मी दुखतं म्हणून सांगितलं, पाजताना बघितलं कुणीच नव्हतं. बाळ सुटलं तेव्हा त्यांनी मला खाली बघायला सांगितलं. बोंडाचं टोक बोरू तासल्यासारखं एका बाजूनं तिरकं झालेलं. म्हणजे बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं, तोंडात पुरेसा भाग घेतच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, थांब, आता बघत राहा. आमच्या डोक्यावर पंखा होता. मिनिटाभरात टोक पांढरंफटक पडलं, मग जांभळट, मग लाल, आणि लाल होताना ती ओळखीची आग आली.

रक्तवाहिन्या आकसतात, रक्त थांबतं, पांढरं पडतं. रक्त परत येतं तेव्हा जळतं. चुकीच्या पकडीनं दाब पडला की होतं, गारवा लागला की जास्त होतं. बुरशीशी त्याचा संबंध नाही, पण आग आणि कळ सारखीच, त्यामुळे दोन्हींची गल्लत नेहमी होते. अलीकडे काही डॉक्टर तर म्हणतात की आईचं जे दुखणं थ्रश म्हणून खपतं त्यातलं बरंचसं मुळात बुरशीचं नसतंच. माझ्यापुरतं सांगते: पहिला महिना-दीड महिना बुरशी होती, नंतर नव्हती. नंतर मी आणि माझा पंखा होतो.

मलमं सगळी बंद करायला सांगितली. इतकी लावून कातडीही चुरचुरत होती. बाळ धरायची पद्धत बदलली: तिचं पोट माझ्या पोटाला, हनुवटी आधी टेकवायची, तोंड जांभई दिल्यासारखं उघडेपर्यंत थांबायचं. आणि बाळ सुटल्याबरोबर, वारा लागायच्या आत, कोरडा गरम रुमाल वर धरायचा. इस्त्रीवर तापवलेला. दहा दिवसांत निम्मं कमी झालं, महिन्यात गेलं.

चिपळूणला फोन करून सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे शेक." तिथे खाटेखाली शेगडी असायची, सकाळ-संध्याकाळ धुरी असायची, त्या उकाड्याला मी किती नावं ठेवली होती. डोंबिवलीत येऊन पहिलं काय केलं असेल तर शेक बंद करून पंखा लावला. आजीनं मात्र टाकणखाराचा विषय त्याच फोनवर परत काढला, त्यामुळे तिला पूर्ण शाबासकी देता आली नाही.

बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, शू कमी झाली असेल, किंवा तुमच्या छातीला लाल गरम गाठ येऊन हुडहुडी भरत असेल, तर मला फोन करत बसू नका, दवाखाना गाठा. बाकीच्यांना मी मलमाचं नाव सांगायच्या आधी एकच विचारते. पाजून झाल्यावर रंग बघितलास का?

पलीकडून बहुतेक वेळा तेच येतं. "रंग? कसला रंग, ताई? मी तर अंधारातच पाजते."

मग मी म्हणते, दिवा लाव, आणि फोन धरून ठेवते.