नॅस्टचं चित्र आणि ट्वीडची टोळी

रविवारी सदाशिव पेठेत मित्राकडे गेलेलो, त्याच्या बाबांनी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एक जुनं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, "हे पान बघ रे, नीट बघ." गोल करून उभी असलेली माणसं, आणि प्रत्येकजण अंगठा नाहीतर बोट शेजारच्याकडे करतोय! जनतेचा पैसा कुणी चोरला, तर ह्याने, ह्याने, ह्याने... थॉमस नॅस्ट ह्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं हे चित्र ऑगस्ट १८७१ मध्ये हार्पर्स वीकली ह्या साप्ताहिकात आलं होतं.

पुढे उभा असलेला तो पोट सुटलेला माणूस म्हणजे बॉस ट्वीड, न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल ह्या राजकीय संघटनेचा सर्वेसर्वा. कोर्टाच्या इमारतीच्या नावावर फुगवलेली बिलं काढायची आणि वरचे पैसे टोळीत वाटून घ्यायचे, असा धंदा. जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने हिशोबच छापले, पण आकड्यांची लांबलचक यादी किती जण वाचणार, चित्र मात्र ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळतं, आणि मला नॅस्टचं मोठेपण इथेच वाटतं. तेव्हा लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे, त्या बारीक आडव्यातिडव्या रेघा मी भिंग लावून बघत बसलो, चहा गार झाला.

ट्वीड तुरुंगात गेला, १८७५ मध्ये पळाला, आणि पुढच्या वर्षी स्पेनमध्ये सापडला. ओळखला कशावरून, तर नॅस्टच्याच चित्रावरून! १८७८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या तुरुंगातच वारला.

काकांनी पुस्तक आठवडाभर ठेवायला दिलंय.