रिकाम्या चार मात्रा

ठाणे स्टेशनविषयी वृंदगान, म्हणजे अनेक आवाजांनी आपापल्या वेगळ्या ओळी एकत्र गायचं गाणं, रचायचं काम आलं, तेव्हा काम देणाऱ्या मंडळाला काय हवंय ते पहिल्याच बैठकीत कळलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी. ते सगळं पहिल्या दोन कडव्यांत बसवलं. मला लिहायचं होतं ते तिसरं. त्या दिवशी रूळ ठाण्यात संपले होते. पुढे खाडी होती. तिच्यावर पूल होऊन गाडी कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला. पहिल्या गाडीची गोष्ट सांगताना नाना शंकरशेटांचं नाव येतं, येणारच. रूळ टाकणाऱ्यांपैकी एकाचंही येत नाही.

गाडी दुपारी साडेतीननंतर सुटली, म्हणून मी भीमपलास घेतला. एकट्याने गायला हा राग जवळचा, वृंदगानाला मात्र फार कठीण. आरोहात, म्हणजे सूर चढताना, रे आणि ध वर्ज्य. वृंदगानात वरचा आवाज उतरत असताना खालच्याला चढावं लागतं, आणि चढताना त्याने रे घेतला की राग गेला. की-बोर्डवर तीन बोटं ठेवून ‘हार्मनी’ देणारे अरेंजर रागाचा जीव घेतात तो इथेच. मी प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र भीमपलास म्हणून गाता येईल अशी बांधली. रे, ध येतील ते उतरतानाच. या कामाचा मला अभिमान आहे.

धृपद, म्हणजे कडव्यांनंतर परत येणारी ओळ, असं:

बोरीबंदर सुटले मागे, ठाणे आले, ठाणे

आठ-आठ मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, चार आवर्तनं, पण शेवटच्या आवर्तनात शब्द चार मात्रांतच संपतात. वरचा आवाज ‘ठाणे’वर तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, धरून थांबतो आणि उरलेल्या चार मात्रांत दुसरा आवाज नि-ध-प असा उतरत एकच शब्द म्हणतो: ‘खाडी’. कोमल नी त्या सा'ला क्षणभर घासतो आणि पंचमावर येऊन सुटतो. वाढदिवसाचा केक कापल्यासारखं गाणं ‘ठाणे’वर संपू नये म्हणून ती जागा ठेवली होती.

दुसऱ्या आवाजात चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या बायका होत्या, भजनी मंडळातल्याही होत्या. एकींना पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन हवं, दुसऱ्यांना सा रे ग म. दोन्ही प्रती मीच काढल्या. भजनातल्या बायकांना शेजारचा सूर ऐकून त्याच्यात मिसळायची सवय. ती मोडायला खूप तालमी गेल्या. खाडीपलीकडच्या कळव्याच्या एका काकूंना ते सगळ्यात आधी जमलं.

कार्यक्रम ठाण्यातल्या तलावपाळीवर, उघड्या मंचावर. पहिल्या कडव्यानंतर लोकांनी धृपद उचललं. नोकरीवरून घरी निघालेली माणसं पिशव्या खाली ठेवून गायला लागली. अंगावर काटा आला माझ्या. पण लोक गाणार ती मूळ चाल, आणि रिकाम्या चार मात्रा दिसल्या की टाळ्या वाजवणार. दुसरा आवाज गोंधळला, एकेक करून वरच्या चालीत गेला. सगळ्यात खालचा, खर्जाचा आवाजही गेला. तिसऱ्या कडव्यापर्यंत मंचावरचे आणि खालचे सगळे एकाच सुरात. फक्त काकू त्या टाळ्यांच्या खाली एकट्या ‘खाडी’ म्हणत राहिल्या. नि, ध, प. मला त्यांचे ओठ दिसत होते.

मंडळ खूश. ‘आता लोकांना म्हणता येईल असं एकाच चालीत, रेकॉर्ड केलेल्या संगीताच्या ट्रॅकवर करून टाकू, तिसरं कडवं तसंही लांबतं,’ असा निरोप आला. लोकांना सोपं तेवढंच द्यायचं, हे या मंडळींनी लोकांना न विचारताच ठरवलेलं असतं.

तरी त्या संध्याकाळचं एकसुरी गाणं खोटं होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. आरती, भजन, दिंडी, आपण एकत्र येतो ते एकाच चालीवर. स्टेशन लोकांचं आहे. मग मी बांधलेल्या वेगवेगळ्या आवाजांच्या ओळी कुणासाठी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

काकूंना फोन केला. म्हणाल्या, ‘ताई, लोकांना गाऊ दे. आम्हाला माइक द्या. मी रोज त्याच पुलावरून येते.’

मंडळाला कळवलंय: दुसऱ्या आवाजापुढे वेगळे माइक लागतील. आणि तिसरं कडवं काढायचं असेल तर पत्रिकेवरून माझं नावही काढा.