हेलियमने फळ्यावर अडवलं

आयनीभवन ऊर्जेचा तास म्हणजे माझा तोंडपाठ तास. वायुरूपातल्या सुट्ट्या अणूमधून सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, अशी व्याख्या सांगायची, मग सोडियमचा आकडा, ४९६ किलोज्यूल पर मोल, आणि दुसरा इलेक्ट्रॉन काढायला गेलं की डायरेक्ट ४५६२! पोरं "बाप रे" म्हणतात, बेल होते.

त्या दिवशी मी हायड्रोजनचं सूत्र फळ्यावर लिहिलं होतं, १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट गुणिले अणुक्रमांकाचा वर्ग भागिले कक्षेच्या नंबरचा वर्ग, आणि एका मुलीने ते सरळ लिथियमला लावून टाकलं. उत्तर आलं ३०.६, पुस्तकात ५.३९. मी खूश, कारण शिल्डिंगवर, म्हणजे बाकीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ थोडी अडवतात त्यावर, यायला मला हेच पाहिजे होतं. सिलॅबसमध्ये नसलं तरी ही अडवणूक मोजायचे भौतिकशास्त्रज्ञ स्लेटरचे १९३० सालचे नियम सांगितले, की आतले दोन इलेक्ट्रॉन प्रत्येकी ०.८५ इतका चार्ज अडवतात, म्हणजे बाहेरच्याला ३ ऐवजी १.३ च जाणवतो, त्याचा वर्ग १.६९, भागिले ४, गुणिले १३.६, झाले ५.७५. बऱ्यापैकी जवळ.

"मॅडम, हेलियमचं पण काढू या ना?"

काढू की, म्हटलं. दोघंही पहिल्याच कक्षेत, एकमेकांना ०.३० अडवतात, २ मधून उरला १.७, वर्ग २.८९, उत्तर ३९.३. पुस्तकात २४.६. दोनदा गुणाकार तपासला, बरोबरच होता. वर्गात एवढी शांतता की खडू ठेवल्याचा आवाज आला. शेवटी "उद्या सांगते" म्हणून मी सुटका करून घेतली (मास्तरकीतलं सगळ्यात जुनं वाक्य).

स्टाफरूममध्ये डबा तसाच राहिला. शिल्डिंग काढूनच टाकलं तर काय येतं म्हणून नुसता २ घालून बघितला, आले ५४.४. आता हा आकडा चांगलाच ओळखीचा, हेलियमचा एक इलेक्ट्रॉन गेल्यावर जो एकटा उरतो त्याला काढायची ऊर्जा, आणि ती अगदी बरोबर येते कारण तिथे अडवायला दुसरं कोणी नसतंच. त्या ५४.४ कडे बघत असताना डोक्यात उजेड पडला. पहिला इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे राहिलेला होता तसा थोडीच राहतो! त्याच्या आड येणारा गेला, तो केंद्रकाकडे जास्त घट्ट खेचला जातो, ३९.३ चा ५४.४ होतो, आणि ही मधली १५.१ आपल्याला परत मिळते. ३९.३ वजा १५.१, २४.२! इलेक्ट्रॉन व्होल्टचे किलोज्यूल करायला ९६.५ ने गुणलं तर २३३५ किलोज्यूल पर मोल, पुस्तकात २३७२. मी एकटीच हसले, समोरच्या सरांनी वर बघितलं.

मग लिथियमचं कसं काय जमलं? तर स्लेटरच्या हिशोबात बाहेरचा इलेक्ट्रॉन आतल्यांना अडवतच नाही, त्यामुळे तो गेला काय आणि राहिला काय, आतल्या दोघांची ऊर्जा तीच, वजाबाकीत उडून जाते. म्हणजे खरं गणित आधीच्या अख्ख्या अणूची ऊर्जा आणि नंतरच्या आयनची ऊर्जा यातल्या फरकाचं असतं, आणि मी इतकी वर्षं ते एका इलेक्ट्रॉनचं म्हणून शिकवत होते, कपाटातून एक पुस्तक काढावं तसं, बाकीची जागची हलतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळं फळ्यावर मांडलं, चूक माझी होती हेही सांगितलं. तास संपल्यावर ती मुलगी वही घेऊन आली. घरी बेरिलियमचं करून बघितलं होतं, तेही वजाबाकीच्याच पद्धतीने! उत्तर ७.९, पुस्तकात ९.३. "आता काय चुकलं, मॅडम?" पद्धत बरोबर आहे गं, स्लेटरचे आकडेच ढोबळ आहेत, म्हटलं. तिला काही ते पटलेलं दिसलं नाही, वही बंद न करताच गेली.