तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनिअरिंगच्या मुलांना नीती कशाला शिकवायची?

"काय ओ सर, हे काय शिकवायचं असतंय व्हय? संस्कार घरातनं येतात." मी सांगलीत सिव्हिलच्या मुलांना व्यावसायिक नीतिमत्ता शिकवतो, हे कळलं की पालक, पाहुणे, कधी माझ्याच विभागातले सहकारीही असं विचारतात. प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

संस्कार घरातून येतात हे खरंच आहे. तासगाव, जत, कडेगावकडून येणारी ही मुलं सालस असतात. चोरी करू नये, खोटं बोलू नये, हे त्यांना मी सांगायची गरज नसते. पण त्याच घरानं त्यांना आणखी एक गोष्ट शिकवलेली असते: मोठ्यांना उलट बोलायचं नाही. साहेब म्हणाले की 'हो सर' म्हणायचं. आणि मी वर्गात जी प्रकरणं घेतो, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत कुणीतरी भला माणूस नको तिथं 'हो' म्हणून गेलेला असतो. चांगल्या घरातल्या मुलाला नाही म्हणणं जास्त जड जातं. ते कसं म्हणायचं, कुठल्या टप्प्यावर, कशाच्या आधारावर, हे घरी कोण शिकवणार?

सांगलीत उदाहरणाला लांब जावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. माझ्यासमोर बसलेल्या कित्येकांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं, त्यामुळे पूररेषा हा विषय त्यांना समजावून द्यावा लागत नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबानं आखतात, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध.

मग मी प्रश्न घालतो. तुमच्या काकांनी गुंठेवारीत प्लॉट घेतलाय आणि तो निळ्या रेषेच्या आत आहे. काका म्हणतात, मुरमाचा भराव टाकू, जोतं चार फूट उचलू, तू फक्त नकाशा करून दे, घरचाच इंजिनिअर आहेस. काय कराल?

वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, आणि आपली कॉलेजची फी काकांनीच भरली असली तर?"

तिथून खरा तास सुरू होतो. आधी हिशेब करायला लावतो. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. घराचं कर्ज ३० वर्षांचं धरलं, तर त्या मुदतीत पाणी एकदा तरी तिथवर पोचण्याची शक्यता ७० टक्क्यांवर जाते. हा आकडा फळ्यावर उतरला की मुलं सावरून बसतात. भरावामुळं पाण्याची जागा कमी होते आणि ते शेजाऱ्याच्या घरात जास्त चढतं, ही गोष्टही कुणीतरी स्वतःहून काढतं. मग मी त्यांना काकांना पत्र लिहायला सांगतो. वर शि. सा. नमस्कार, खाली स्पष्ट नकार, मधे आकडे, आणि शेवटी दुसरा प्लॉट बघायला मी बरोबर येतो, अशी एक ओळ. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचा नकार हरवलेला असतो. काही पत्रांत आदर हरवतो. दोन्ही एका कागदावर येईपर्यंत आम्ही ते पुन्हा पुन्हा लिहितो. माझ्या सगळ्या अभ्यासक्रमात याहून उपयोगी काही नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट सहीची. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला लोखंडी गजांनी टांगलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्याचा वर आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. १७ जुलै १९८१ ला ते कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात एकच लांब गज दोन्ही पुलांतून खाली येत होता. लांब गजाला आटे पाडणं जिकिरीचं, म्हणून काम करणाऱ्यांनी त्याचे दोन गज केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. बदल दिसायला किरकोळ होता. पण आधी प्रत्येक पुलाखालच्या नटावर फक्त त्याच पुलाचा भार होता; आता वरच्या पुलाखालच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. बदललेलं ड्रॉइंग इंजिनिअरांच्या कार्यालयातून मंजुरीचा शिक्का घेऊन परत गेलं. हा हिशेब कुणी केला नाही. माझी दुसऱ्या वर्षाची मुलं तो काही मिनिटांत मांडतात, आणि मांडून झाल्यावर त्यांचे चेहरे बदलतात. तिथं कुणी लाच खाल्ली नव्हती, कुणाच्या मनात पाप नव्हतं. मुळातली रचनासुद्धा नियमाच्या सुमारे ६० टक्केच भार पेलणारी होती, हे चौकशीत पुढं आलं. त्या इंजिनिअरांचे परवाने गेले.

आपल्याकडे काय जाईल, हे मुलं लगेच विचारतात. डॉक्टरांची, वकिलांची, आर्किटेक्टांची नोंदणी देशपातळीवरच्या कायद्यानं होते आणि ती रद्दही होऊ शकते. सगळ्या इंजिनिअरांना लागू असा कायदा आपल्याकडे नाही. महापालिका आपल्या हद्दीत परवाना देते, तेवढंच. मला हे चुकीचं वाटतं आणि वर्गात मी तसं सांगतो.

तिसरं काम बघण्याचं. क्यूब चाचणीचा, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे भरून ठरावीक दिवसांनी ते यंत्रात दाबून ताकद मोजतात त्याचा, मीच बनवलेला एक अहवाल वाटतो. एम २५ प्रतीचं काँक्रीट, २८ दिवसांची ताकद, सगळे आकडे नियमात बसणारे. मुलं सरासरी काढतात, फरक १५ टक्क्यांच्या आत आहे ना ते तपासतात आणि 'पास' लिहितात. क्यूब ५ मार्चला भरलेत आणि चाचणीची तारीख २६ मार्च आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. म्हणजे २१ व्या दिवशीच २८ दिवसांचा अहवाल तयार! साइटवर असा कागद पहिल्या महिन्यातच हातात येऊ शकतो, आणि वर सुपरवायझर म्हणत असतो, सही कर, बिल अडकलंय.

शूर व्हा, असं मी मुलांना सांगत नाही. सत्येंद्र दुबे यांच्याबद्दल मात्र सांगतो. आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनिअर, सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली होती. ते गुप्त राहिलं नाही, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. हे ऐकल्यावर विसाव्या वर्षीच्या मुलाला 'सत्याची कास धर' एवढंच सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. म्हणून मी कामाच्या गोष्टी शिकवतो. तोंडी हुकूम आला तर 'आपल्या सूचनेप्रमाणे' असं लिहून तो मेलवर परत पाठवायचा. आक्षेप माणसावर घ्यायचा नाही, आकड्यावर घ्यायचा. एकट्यानं भिडायचं नाही, आधी वरिष्ठांतला एक तरी माणूस बरोबर घ्यायचा. साइट डायरी रोज लिहायची, तारखेसकट.

उपयोग होतो का, हा तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. परीक्षेत मोजता येत नाही. पण पास होऊन गेलेली मुलं कधी कधी साइटवरून फोन करतात, मागे मिक्सरचा आवाज चालू असतो. "सर, ओतायचं काम उद्या सकाळी आहे आणि सळई ड्रॉइंगपेक्षा कमी बांधलीय. कुणाला लिहू?" मी विचारतो, फोटो काढलेस का, आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर काय आहे. मग आम्ही दोघं मिळून मेलचा मजकूर ठरवतो.