झूमचा मोह सुटतो तेव्हा

चित्रपटकला शिकणाऱ्या मुलांची प्रगती त्यांनी झूम किती कमी केला यावरून ओळखावी, असे माझे एक खासगी मत आहे. माझी भाची पुण्यात चित्रपटनिर्मितीचा अभ्यासक्रम करते. तिचे लघुपट पाहण्याचा, पाहून काहीतरी बोलण्याचा आणि गरज पडल्यास त्यांत मागून चालत जाणाऱ्या गृहस्थाचे काम करण्याचा मान मामा या नात्याने माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी तिने एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लघुपट केला. त्यात कॅमेरा दुकानदाराच्या चेहऱ्यावर झेपावत होता, मागे येत होता, भिंतीवर टांगलेल्या टायरांवरून फिरून पुन्हा चेहऱ्याशी जात होता; पंक्चर काढणे मात्र नीट दिसत नव्हते. शिवाय ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलेल्या भागावरून काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटरचा वेग एक साठांश सेकंद ठेवला की त्याच्याशी मेळ बसत नाही आणि पट्टे उमटतात, एक पन्नासांश ठेवला की ते नाहीसे होतात. असले दोष लवकर सुटतात. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस हे सारे तिला वर्षभरात जमू लागले, आणि त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही.

कॅमेरा ती खऱ्या अर्थाने शिकली ती संकलनाला बसल्यावर. चित्रीकरण करताना जे डोळ्यांसमोर घडते ते सगळे आपल्याला मिळाले असे वाटत असते. टाइमलाइनवर तुकडे मांडायला घेतले की काय घ्यायचे राहिले ते कळते. ट्यूब पाण्यात बुडवताना दुकानदार उजवीकडे पाहत होता आणि पुढच्याच शॉटमध्ये डावीकडे, कारण मधल्या वेळात भाची त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. हातांचा क्लोजअप कुठेच नव्हता. प्रत्येक शॉट क्रिया सुरू झाल्यानंतर सुरू होत होता आणि ती पुरी होण्याआधी संपत होता, त्यामुळे कट कुठे करावा याला जागाच उरली नव्हती. छायाचित्रकार आणि संकलक एकच व्यक्ती असल्याने दोष द्यायलाही कोणी नव्हते. तेव्हापासून क्रियेच्या आधी आणि नंतर काही सेकंद कॅमेरा चालू ठेवण्याची सवय तिला लागली.

तिसऱ्या वर्षी ती पुन्हा त्याच दुकानात गेली. या वेळी ट्रायपॉड अगदी खाली, पाण्याच्या घमेल्याच्या उंचीवर होता आणि झूम नव्हता. दुकानदार खाली पाहतो, कट, पाण्यात बुडबुडे येतात, कट, पुन्हा तोच चेहरा. चेहऱ्यावर काहीही बदललेले नाही, तरी ‘सापडले’ हे आपल्याला कळते. 1920 च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगवेगळी दृश्ये जोडून हेच दाखवले होते. भाचीने पहिल्या वर्षीच परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले होते. हातात मात्र ते आत्ता उतरले.

कानही तयार झाला. हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरचा आवाज आता तो पडद्यावर दिसण्याच्या क्षणभर आधी, चेहऱ्याच्या शॉटवरच सुरू होतो, आणि पुढचा कट टोचत नाही. आवाजांमधली भोके बुजवण्यासाठी प्रत्येक जागेची नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते. पेठेत मिनिटभर शांतता मिळवणे हे दिग्दर्शनाहून अवघड काम आहे, कारण नेमके त्याच वेळी कोणीतरी थांबून ‘कसलं शूटिंग चाललंय?’ असे विचारतेच.

फिल्मवर शिकलेल्या पिढ्यांना 35 मिलिमीटरचे 400 फुटांचे रीळ जेमतेम साडेचार मिनिटे पुरत असे, म्हणून त्यांना बटण दाबण्याआधीच पुष्कळसे संकलन मनात करावे लागे. भाचीच्या मेमरी कार्डात कित्येक तास मावतात. याचा हेवा करावा की कीव, हे मला ठरवता येत नाही. सहा मिनिटांच्या लघुपटासाठी तिच्या कित्येक संध्याकाळी केवळ रशेस, म्हणजे चित्रित केलेले कच्चे तुकडे, पाहण्यात जातात. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती. दोन फ्रेमांमधला कोणता काळ गाळायचा, हा खरे तर संकलकाचा प्रश्न. तो त्यांनी चित्रीकरण करतानाच सोडवला. मी हे भाचीला सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘‘मामा, रोप वाकलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?’’ छायाचित्रकाराला शोभेल असाच प्रश्न होता.

स्वतःचा आवडता शॉट काढून टाकणे तिला अजून जमत नाही. नव्या लघुपटात पावसाने भिजलेल्या रस्त्याचा एक शॉट आहे, देखणा आणि निरुपयोगी. तो काढावा असे तिच्या वर्गमित्रांचेही मत आहे आणि माझेही. तिने त्यावर वाद घातला, एक दिवस अबोला धरला, आणि शेवटी सत्तावीस सेकंदांचा शॉट अकरा सेकंदांवर आणला. त्याखाली ती अजून उतरलेली नाही.