पंधरा अक्षरं

अक्षराप्रमाणे पैसे घेण्याचा धंदा आमचा. दगडाचे वेगळे, अक्षरांचे वेगळे. जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रेचे पैसे नाहीत, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावं लागतं. नाहीतर बिलाच्या वेळी लोक बोटांवर मोजत बसतात. कोनशिलेला ही कटकट नसते. तिथं कुणाचं नाव वर आणि कुणाचं मोठं यातच पंधरा दिवस जातात आणि पैसे वर्षाने येतात.

काम एका मंडळीचं होतं. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायाला मंडळी म्हणतात. सभागृहाच्या रस्त्याकडच्या भिंतीला लावायला काळा ग्रॅनाइट, तीन बाय दोन. मजकूर बायबलमधल्या मत्तयाचा, २५:३५. तीन ओळी. पहिली भुकेल्याला जेवण दिल्याची, दुसरी तान्हेल्याला पाणी दिल्याची आणि तिसरी: ‘परका होतो तेव्हा मला घरात घेतले.’

मजकूर आला तो जुन्या फॉन्टमध्ये. आमच्याकडे उघडल्यावर ‘तान्हेला’चा न एकीकडे आणि ह दुसरीकडे. असाच तुटका मजकूर मशीनवर कापून देणारे कोल्हापुरात आहेत, आणि चार दिवसांनी त्यांचीच गिऱ्हाइकं दगड घेऊन माझ्याकडे येतात. आम्ही ते अक्षर हाताने कापलं. आम्ही म्हणजे मालद्याच्या पोरानं. बंगालचा आहे, दोन वर्षं माझ्याकडे. मराठी वाचता येत नाही, पण शिरोरेघ अशी ओढतो की पट्टी लावून बघावं.

पॉलिश केलेल्या दगडावर जाड रबरी शीट चिकटवायचा, त्यात ब्लेडने अक्षरं कापून सोलायची, मग कॉम्प्रेसर लावून वाळूचा मारा. रबर आहे तिथं दगड शाबूत, सोललं तिथं खड्डा. देवनागरीत खरी गोची अक्षरांच्या पोटांची. ‘क’चं पोट म्हणजे रबराचा डाळीएवढा तुकडा दगडावर सुटा उरतो आणि पहिल्याच झोतात उडतो. ‘तेव्हा’मधल्या अर्ध्या व-चं पोट तर तांदळाच्या कणीएवढं. या मजकुरात ‘तेव्हा’ तीनदा. पोरगा एकेका कणीला सुईच्या टोकाने गोंद लावत होता.

त्याच आठवड्यात त्याच्या घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितली होती. टीव्हीवर रात्रंदिवस घुसखोर, घुसखोर. पोराने आधार दाखवलं, मतदार कार्ड दाखवलं. मालक म्हणाला, तुझं खरं असेल रे, पण गल्ली ऐकत नाही. चार रात्री तो शेडमध्ये कॉम्प्रेसरशेजारी झोपला. मग शेजारच्या गाळेवाल्याने मला चहाला नेलं. चहा कसला, समज होती. मी पोराला सांगितलं, महिनाभर गावाला जाऊन ये, निवलं की बोलावतो. हा दगड त्याचं जाण्याआधीचं शेवटचं काम.

वाळू भरत होतो तोच मंडळीचे सेक्रेटरी आले. रिटायर्ड बँकवाले. मागोमाग पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू.

“तिसरी ओळ नको,” सेक्रेटरी म्हणाले. “आत लावायचा असता तर अख्खा अध्याय घातला असता. ही रस्त्याची भिंत आहे. आम्ही मूठभर माणसं. उद्या कुणी फोटो फिरवला, बघा हे कुणाला घरात घ्या म्हणतात, तर दगड आमच्या काचांवर येणार.”

पाळकांनी कोल्हापूरजवळचं वळिवडे काढलं. १९४३ साली पाचेक हजार पोलिश माणसं तिथल्या छावणीत आली, बायका-पोरंच जास्त. रशियाने सैबेरियाकडे नेऊन टाकलेली, इराणमार्गे सुटून आलेली. “कोल्हापूरने त्यांना तुमचा देव कुठला विचारलं का?”

“खर्च लंडनमध्ये परागंदा असलेल्या त्यांच्या पोलिश सरकारने केला. आणि १९४८ पर्यंत गेलीसुद्धा.”

हे मला नवीन होतं. महावीर गार्डनमधला त्यांचा स्तंभ मी शंभरदा बघितलाय, पण धंद्याच्या नजरेने.

“नंतर त्याच छावणीत फाळणीचे सिंधी आले, ते कुठं गेले?” पाळक म्हणाले. “हा शर्टपीस कुठनं घेतलात?”

गांधीनगरातनंच घेतला असणार. त्या छावणीचंच पुढं सिंध्यांचं गांधीनगर झालं, कापडाचा बाजार. सेक्रेटरी हसले. मीही हसलो. पण सेक्रेटरी तयारीचा माणूस.

“त्याच पोलंडने २०२१ ला बेलारूसच्या सीमेवर इराक-सीरियाची माणसं जंगलात अडवली, मग पोलादी भिंत घातली. आणि २०२२ ला युक्रेनच्या लोकांना घराघरात घेतलं. कॅथलिक देश. माणूस आधी आपल्यासारख्याला घेतो.”

“ते बरोबर होतं म्हणता?”

“झालं ते सांगतो.” मग त्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं वचन काढलं, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सही आधी घर, मग शेजार, मग देश असंच म्हणाले होते म्हणे. त्यावर पाळक म्हणाले, म्हणूनच तर पोप फ्रान्सिसने फेब्रुवारी २०२५ ला तिथल्या बिशपांना पत्र लिहून चांगल्या शोमरोन्याची आठवण दिली. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्या परक्या जमातीच्या माणसाची ती येशूची गोष्ट.

“आपण प्रोटेस्टंट. पोप आपला नव्हे.”

“शोमरोनी तर आपला?”

सेक्रेटरींनी उत्तर दिलं नाही. कमिटीचा ठराव झालेला होता. पाळक नवीन, बदलीचा माणूस. दगडाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, बरं.

मला सेक्रेटरींचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचं बोलणं मी त्याच आठवड्यात चहाच्या गाड्यावर ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. पोरगा दोन हातांच्या अंतरावर उकिडवा बसून ब्रशने धूळ झाडत होता.

सोललेली ओळ परत झाकायची म्हणजे वरून जाड टेपचे तीन थर. तीन ओळींचा तोल धरून आखलेला दगड. आता दोनच ओळी वर टांगल्यासारख्या आणि खाली मोकळं कपाळ. सेक्रेटरी म्हणाले, खाली क्रूस घाला. घातला. तरी तोल गेला तो गेलाच.

टेप लावताना पोराने विचारलं, “दादा, ये क्यूँ बंद किया? मैंने गलत काटा?”

“नहीं रे. पार्टी ने मजकूर बदला.”

“क्या लिखा था?”

“पता था,” मी म्हणालो. “ॲड्रेस.”

“अच्छा,” म्हणाला आणि टेपची कड अंगठ्याने दाबत गेला.

बिलात सेक्रेटरींनी पंधरा अक्षरं वजा केली. मी वाद घातला नाही. पोराच्या हिशेबात मात्र सगळी धरली. त्याने मोजली नाहीत.

महिना होऊन गेला. त्याचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा म्हणाला, “दादा, आऊँ क्या?” मी म्हटलं, थोडं थांब. दुसऱ्यांदा गाळेवाला समोरच बसला होता. मी उचलला नाही.