कनेक्शन घ्यायच्या आधी गल्लीतल्या वायरी बघा

परवा वहिनींनी विचारलं, सांगलीतच विश्रामबागला नवीन फ्लॅटमधे राहायला जातोय, नेट कुणाचं घेऊ, १०० एमबीपीएसचं घेऊ का २०० चं, आणि सोबत तीन कंपन्यांच्या प्लॅनचे स्क्रीनशॉट पाठवले. मी म्हटलं वहिनी ते स्क्रीनशॉट राहू द्या बाजूला, आधी बिल्डिंगखाली जाऊन बघा कुणाकुणाचे बॉक्स बसलेत आणि शेजारच्या दोन घरांत विचारा की लाईन गेली तर माणूस कधी येतो. त्यांना वाटलं मी टाळतोय. पण खरंच सांगतो, सांगलीत नेट निवडायचं म्हणजे हेच आधी बघायचं, कारण स्पीड आता सगळेच देतात, फरक पडतो तो लाईन तुटल्यावर.

आणि लाईन तुटतेच. ड्रेनेजचं खोदकाम निघतं, उसाचा उंच भरलेला ट्रॉली खालून जातो, गणपतीत मांडवाची आणि मूर्तीची उंची बघून वायरी उचलाव्या लागतात, पावसाळ्यात फांदी पडते. आमच्या गल्लीत मागं असंच खोदकामात दोन कंपन्यांच्या फायबर एकदम तुटल्या. एकाचा लोकल ऑपरेटर संध्याकाळी शिडी घेऊन हजर. दुसरी मोठी कंपनी, तिचा फक्त कस्टमर केअर नंबर, तिथं एक दाबा दोन दाबा करत तक्रार नोंदवली तर आधी मेसेज आला काम सुरू आहे, मग मेसेज आला तक्रार निकालात काढली आहे, आणि घरात ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्यावर, लाल दिवा तसाच. पोरांची परीक्षा, वरच्या मजल्यावरच्या ताईंचं पुण्याच्या कंपनीचं काम घरून, सगळ्यांनी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढले.

म्हणजे मोठी कंपनी वाईट आणि लोकल चांगला असं अजिबात नाही हां. दुसऱ्या वॉर्डात बरोबर उलटं असू शकतं. बीएसएनएलची फायबर पण बऱ्याच ठिकाणी फ्रँचायझी घेतलेला केबलवालाच ओढतो आणि दुरुस्त करतो, म्हणजे एकच नाव पण कुपवाडला वेगळा अनुभव आणि गावभागात वेगळा. म्हणून मित्रानं सांगितलं अमुक भारी आहे तर मित्र राहतो कुठं ते आधी विचारा. तुमच्या गल्लीत ती कंपनी कोण चालवतो, त्याचा नंबर मिळतो का, तो फोन उचलतो का, एवढंच कामाचं.

सांगलीकरांसाठी अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याच प्लॅनच्या पानावर नसते, ती म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. काचेच्या फायबरला पाण्याचं तसं काही होत नाही, पूर्वी लँडलाईनच्या तांब्याच्या वायरीत पाऊस पडला की खरखर यायची तसं इथं नाही. पण ती फायबर जिथून निघते तिथं ऑपरेटरचं मशीन असतं, त्याला ओएलटी म्हणतात, त्याला लाईट लागते, बॅटरी लागते. ते जर खणभागात तळमजल्यावर असेल आणि पाणी आलं किंवा महावितरणनं खबरदारी म्हणून फीडर बंद केला तर तुम्ही विश्रामबागला कोरडे बसलात तरी नेट बंद. तेव्हा ऑपरेटरला सरळ विचारा, मशीन कुठं आहे, कितव्या मजल्यावर आहे, लाईट गेल्यावर बॅकअप किती वेळ. चांगला माणूस असेल तर सांगतो, राग मानत नाही.

आता स्पीड. जाहिरातीत लिहितात ते एमबीपीएस म्हणजे बिट, आणि आपण फाईल डाउनलोड होताना बघतो ते बाईट, ८ नं भागायचं. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबी दिसलं म्हणजे लाईन पूर्ण चालली आहे, भांडायला जाऊ नका. एचडी पिक्चरला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के ला १५ ते २५. चार माणसांच्या घरात एक टीव्ही, दोन मोबाईल आणि एक ऑफिसचा कॉल एकदम चालू असला तरी १०० खूप झालं, ५० मधे पण भागतं. ज्यांचं काम घरून आहे त्यांनी मात्र अपलोड बघायचं. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमधे अपलोड डाउनलोड सारखंच असतं, पण गच्चीवर डबा लावून फाईव्ह-जी वरून जे नेट देतात त्यात साधारणपणे अपलोड बरंच कमी आणि संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की अजून खाली. जिथं फायबर पोचलीच नाही, मळ्यात घर आहे, तिथं ते घ्याच, चांगली सोय आहे. पण दारात फायबर असताना नको.

पैशाचं म्हणाल तर ४९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८९ ला पडतो. अनलिमिटेड म्हणतात त्यातही बऱ्याच कंपन्यांची महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, साध्या घराला ती लागत नाही. पहिल्याच वेळी वर्षाचे पैसे एकदम भरायला लावतात, इन्स्टॉलेशन फ्री देतो म्हणतात, तिथं थांबा. आधी एक-दोन महिने चालवून बघा, शक्यतो पावसाळ्यातले, मग वर्षाचं भरा. बचत होते ती त्यानंतरही होतेच.

ज्या दिवशी जोडणी करायला येतील त्या दिवशी घरात थांबा आणि बघत बसा, बघण्यासारखं काम आहे. माणूस वायरीचं काळं आवरण सोलतो, आत केसाएवढी काच, ती स्पिरिटच्या कापसानं पुसतो, छोट्या कटरमधे कट् करून सरळ कापतो आणि दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमधे ठेवतो. स्क्रीनवर ती दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर येतात, एक ठिणगी, आणि जॉइंट झाला. मग वर स्लीव्ह चढवून गरम करतो. एवढं झाल्यावर त्याला म्हणा, दादा पॉवर किती आला मीटरवर? उणे १८, उणे २० असा आकडा सांगेल, तो वायरीतून पोचणाऱ्या प्रकाशाचा. उणे २७ च्या आसपास आला तर जॉइंट परत करायला लावा, कारण दर ३ आकड्यांमागं प्रकाश निम्मा होतो आणि उणे २७ ही ओएनटीच्या सहनशक्तीची कड आहे, आज चालेल पण वायरीला जरा कुठं बाक बसला की लाल दिवा. तो आकडा ओएनटीच्या मागं पेननं लिहून ठेवा, पुढच्या वेळी तक्रार करताना तुमच्याकडं पुरावा राहतो. आणि वायर खिळ्याला गुंडाळून काटकोनात वळवू देऊ नका, काच आहे ती.

राऊटर खिडकीपाशी ठोकून जातात, कारण वायर तिथून आत येते आणि त्यांचे कष्ट वाचतात. घराच्या मध्यावर लावायला सांगा, जादा वायरीचे पैसे मागितले तर द्या. ड्युअल बँडचाच राऊटर घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण फ्लॅट्समधे शेजारच्या सगळ्यांचं तेच चालू असल्यानं गर्दी, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीत अडकतं. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती असतील तर मागच्या खोलीत काहीच येणार नाही, तिथं रिपीटरवर पैसे घालवण्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसरा राऊटर लावा, कायमचं काम होतं. लाईट जाते त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्यावर चालतात का ते दुकानातच पिन लावून बघून घ्या.

दुकानात किंवा शेतावर कॅमेरे असतील आणि ते बाहेरून थेट डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर, बघायचे असतील तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचाच न बदलणारा नेटवरचा पत्ता, मिळतो का आणि त्याचे जादा किती ते आधीच विचारा, कारण बऱ्याच कंपन्या आता एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटून देतात.

वहिनींच्या बिल्डिंगमधे तीन बॉक्स निघाले. त्यातल्या एकाबद्दल खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं की त्याचा लाईन दुरुस्त करणारा पोरगा दोन गल्ल्या पलीकडंच राहतो आणि रविवारी पण येतो. वहिनी त्याचं १०० चं घेताहेत, महिन्याच्या बोलीवर, डिपॉझिटची पावती मागून.